एचपीएलसी पहिल्यांदा चालवताय? आधी बाटलीपासून वेस्टपर्यंतची वाट बघून घ्या

एचपीएलसी म्हणजे हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन. त्याच्यासमोर पहिल्या दिवशी उभं राहिलं की सगळ्यांची नजर आधी कॉम्प्युटरकडे जाते, कारण बटणं तिथे दिसतात आणि वाटतं की शिकायचं ते सगळं सॉफ्टवेअरमध्येच आहे. मी नवीन आलेल्यांना पहिल्या दिवशी माउसला हातच लावू देत नाही. आधी मोबाइल फेजच्या, म्हणजे मशीनमधून वाहणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीपाशी उभं राहायचं आणि बोट ठेवत ठेवत नळीच्या मागे जायचं. बाटलीत बुडवलेला छोटा फिल्टर, तिथून वर जाणारी पांढरी नळी, मग द्रावणातली हवा काढणारा डिगॅसर, मग पंप, पंपावरचा पर्ज व्हॉल्व्ह, तिथून पुढे बारीक स्टीलची किंवा पीक (PEEK) नावाच्या कडक प्लास्टिकची ट्यूबिंग इंजेक्टरमधून कॉलमपर्यंत, कॉलममधून डिटेक्टर आणि शेवटी वेस्टची बाटली. ही वाट डोळे मिटून सांगता आली की पुढचे अर्धे प्रॉब्लेम तुमचे तुम्हालाच सुटतात, कारण प्रेशर वाढलं, पीक (आलेखातला घटकाचा उंचवटा) सरकला, बेसलाइन (आलेखाची तळाची रेघ) हलायला लागली, काहीही झालं तरी गडबड या वाटेवरच कुठेतरी असते.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. कॉलम म्हणजे बारीक सिलिकाचे कण दाबून भरलेली स्टीलची नळी, आणि नेहमीच्या सी-१८ कॉलममध्ये त्या कणांवर १८ कार्बनच्या लांब साखळ्या चिकटवलेल्या असतात. पंप त्यातून द्रावण ढकलत राहतो, त्यालाच मोबाइल फेज म्हणायचं. सॅम्पलमधले जे घटक त्या साखळ्यांना जास्त धरून बसतात ते उशिरा बाहेर येतात, ज्यांना मोबाइल फेजमध्येच राहणं बरं वाटतं ते लवकर येतात, आणि डिटेक्टर प्रत्येकाचा पीक काढतो. कल्पना जुनीच आहे, मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांमधली रंगद्रव्यं खडूसारख्या भुकटीच्या कॉलममधून सोडून वेगळी केली होती, रंगांचे पट्टे दिसले म्हणून क्रोमॅटोग्राफी हे नाव पडलं. आता रंग दिसायची गरज नाही, यूव्ही डिटेक्टर बघतो आपल्यासाठी.

शिकायला मी एकच सोपं उदाहरण धरते, पॅरासिटामॉल आणि कॅफिन यांचं मिश्रण. दोन्ही सहज विरघळतात, दोन्ही यूव्हीमध्ये छान दिसतात, बफर (पीएच स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण) लागत नाही, आणि दोन पीक वेगळे होताना बघितले की मनात एकदम लख्ख होतं हे सगळं. कॉलम सी-१८, २५० बाय ४.६ मिमी, ५ मायक्रॉन. मोबाइल फेज पाणी आणि मिथेनॉल ६०:४०, फ्लो मिनिटाला १ मिली, वेव्हलेंग्थ २७३ नॅनोमीटर कारण कॅफिनचा मॅक्सिमा, म्हणजे यूव्ही शोषण्याचा शिखरबिंदू, तिथे आहे, इंजेक्शन २० मायक्रोलिटर.

मोबाइल फेज, इथे अजिबात घाई नको

पाणी एचपीएलसी ग्रेडचं किंवा प्युरिफिकेशन सिस्टीममधून ताजं घेतलेलं १८.२ मेगाओहमवालं, आणि मिथेनॉलसुद्धा एचपीएलसी ग्रेडचंच. आता मोजायचं कसं ते नीट वाचा, कारण इथे जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा चुकतो. ४०० मिली मिथेनॉल फ्लास्कमध्ये घेऊन वर पाणी टाकून १००० च्या खुणेपर्यंत आणायचं नाही. पाणी आणि मिथेनॉल मिसळले की एकूण व्हॉल्यूम थोडं कमी होतं, त्यामुळे खुणेपर्यंत नेलं तर पाणी जास्त पडतं आणि पीक उशिरा यायला लागतात. ६०० मिली पाणी वेगळ्या मेजरिंग सिलिंडरमध्ये, ४०० मिली मिथेनॉल वेगळ्या सिलिंडरमध्ये, मग दोन्ही बाटलीत एकत्र. मिसळल्यावर बाटलीला हात लावून बघा, कोमट लागेल. अ‍ॅसिटोनायट्राइल पाण्यात मिसळलं तर उलटं, बाटली गार पडते. दोन्ही वेळा द्रावण रूम टेंपरेचरला आल्याशिवाय वापरायचं नाही.

मग फिल्टर करायचं, ०.४५ मायक्रॉनच्या मेंब्रेनमधून. पाणी जास्त असलेल्या द्रावणाला नायलॉन मेंब्रेन चालतो, पीटीएफई मेंब्रेन पाण्याला आत घेत नाही, तो वापरायचाच असेल तर आधी मिथेनॉलने ओला करावा लागतो नाहीतर व्हॅक्यूम लावून तासभर बसलात तरी थेंब खाली उतरणार नाही. फिल्टर झालं की सोनिकेटरमध्ये १० ते १५ मिनिटं डिगॅस करा. मशीनला ऑनलाइन डिगॅसर असला तरी मी सोनिकेट करतेच, कारण पाणी आणि मिथेनॉल मिसळताना विरघळलेली हवा बाहेर पडते, ते बुडबुडे आधीच काढून टाकलेले बरे.

बाटलीवर लेबल लावा. काय आहे, किती प्रमाणात, तारीख, नाव. बफर असेल तर हे लेबल आणखी महत्त्वाचं, कारण फॉस्फेट बफरमध्ये चार-पाच दिवसांत जंतू वाढायला लागतात, त्यामुळे बफर ताजा करायचा, आणि बाटलीत उरलेल्या जुन्यावर नवीन कधीच ओतायचा नाही. बफरचा पीएच ऑरगॅनिक, म्हणजे मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल, मिसळायच्या आधी मोजायचा, मिसळल्यानंतर मीटर जो आकडा दाखवतो त्याला तसा अर्थ राहत नाही. आणि साधा सिलिका कॉलम साधारण पीएच २ ते ८ मध्येच टिकतो, त्याच्या बाहेर जायचं असेल तर कॉलमसोबत आलेला कागद वाचूनच जा.

हे सगळं करताना ग्लोव्ह्ज आणि गॉगल, आणि ओतायचं काम फ्यूम हूडमध्ये. मिथेनॉल आणि अ‍ॅसिटोनायट्राइल दोन्ही विषारी आहेत आणि पेट घेणारी आहेत, रोज हाताळून भीती मोडते पण द्रावण तेच राहतं.

पर्ज करणं आणि कॉलम लावणं

आता पंप. पर्ज व्हॉल्व्ह उघडा, म्हणजे द्रावण कॉलमकडे न जाता सरळ वेस्टला जातं, आणि फ्लो ५ मिली प्रति मिनिट ठेवून पाच मिनिटं चालवा. या पाच मिनिटांत नळीकडे बघत राहायचं. बाटलीतून येणाऱ्या पांढऱ्या नळीत एखादा लांबट बुडबुडा हळूहळू पंपाकडे सरकताना दिसतो, तो आत जातो, पंपाचा आवाज क्षणभर बदलतो, आणि मग वेस्टच्या नळीतून फुसकन बाहेर येतो. तो बाहेर पडलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय व्हॉल्व्ह बंद करू नका. जेवढ्या लाइन वापरणार असाल तेवढ्या सगळ्या एकेक करून पर्ज करा, ज्या वापरणार नाही त्यांच्यात काय भरलंय तेही बघून ठेवा.

फ्लो कमी करून मग व्हॉल्व्ह बंद करायचा, हा क्रम चुकवायचा नाही. ५ मिलीच्या फ्लोवर व्हॉल्व्ह बंद केला तर ते सगळं प्रेशर एका झटक्यात कॉलमवर येतं.

कॉलमवर बाणाची खूण असते, फ्लोची दिशा तीच. आधी फक्त इनलेट जोडा, आउटलेट मोकळा ठेवून खाली बीकर धरा आणि काही मिनिटं द्रावण बीकरमध्ये पडू द्या, म्हणजे कॉलममधली हवा किंवा सुटलेले कण डिटेक्टरच्या सेलमध्ये जाणार नाहीत. त्याआधी कॉलम कशात ठेवला होता ते तपासा. शेवटी अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये ठेवलेला असेल आणि तुम्ही थेट बफर सोडलात तर मीठ आतच बसू शकतं. अशा वेळी मध्ये पाणी-मिथेनॉलचा एक टप्पा घ्या.

नट हाताने घट्ट होईल तेवढाच. पीक प्लास्टिकच्या फिटिंगला पाना लावायचा नाही. नळी फिटिंगमध्ये पूर्ण तळापर्यंत टेकली आहे ना हे बघताना नळी आत दाबून धरूनच नट फिरवा, कारण नळी आणि कॉलमच्या मध्ये केसभर जागा राहिली तरी पीक तिथे पसरतो आणि मग टेलिंग, म्हणजे पीकमागची शेपूट, कुठून येतंय ते शोधत दिवस जातो. जोडल्यावर प्रत्येक जॉइंटला कोरडा टिश्यू लावून बघा. लीक इतका बारीक असू शकतो की डोळ्यांना दिसत नाही पण टिश्यूवर ओला ठिपका येतो.

फ्लो एकदम १ मिलीवर नेऊ नका, ०.२ पासून हळूहळू वाढवा. आपल्या या मेथडला प्रेशर १५० ते २०० बारच्या आसपास येईल, कॉलमनुसार थोडं पुढेमागे. ज्यांच्या मशीनवर पीएसआय दिसतं त्यांनी १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय धरा. पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण दोघांपेक्षाही घट्ट असतं, म्हणून प्रेशर बघून दचकू नका, तेच अ‍ॅसिटोनायट्राइलने केलं तर बरंच खाली येतं. आजचा हा आकडा वहीत लिहून ठेवा, स्वच्छ कॉलम, हे द्रावण, हा फ्लो, हे टेंपरेचर, हे प्रेशर. पुढे कधी गडबड झाली की ताडून बघायला हाच आकडा लागणार आहे.

थांबणं हेही काम आहे

लॅम्प चालू केल्यावर अर्धा तास तरी द्या. तेवढ्यात कॉलमही सेट होतो. २५० बाय ४.६ च्या कॉलममध्ये द्रव मावतं साधारण अडीच मिली, आणि निदान दहा कॉलम व्हॉल्यूम जाऊ द्यायचे असं धरलं तर २५ मिली, म्हणजे १ मिलीच्या फ्लोने २५ मिनिटं. ते अडीच मिलीचं गणित लक्षात ठेवा, कारण त्याचाच अर्थ असा की कॉलमला अजिबात न धरणारी गोष्ट अडीच मिनिटांच्या आसपास बाहेर येणार, आणि तुमचा पीक तिथेच चिकटून येत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, तो कॉलममधून नुसता वाहून आलाय.

बेसलाइन सपाट झाली, प्रेशर एक-दोन बारच्या आत स्थिर राहिलं, मगच इंजेक्शन. घाईने मारलेली पहिली दोन इंजेक्शनं वाया जातात आणि मग परत तेच करावं लागतं.

स्टँडर्ड, सॅम्पल आणि सीक्वेन्स

कॅफिनचं स्टँडर्ड, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन माहीत असलेलं द्रावण, करायला २५ मिग्रॅ अचूक वजन करून ५० मिलीच्या व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्या, मोबाइल फेज टाकून सोनिकेट करा, गार झाल्यावर खुणेपर्यंत न्या, हे झालं ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. त्यातलं ५ मिली पिपेटने दुसऱ्या ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली. पॅरासिटामॉलचंही तसंच वेगळं करा आणि एक दोघांचं एकत्र. सॅम्पल शक्यतो मोबाइल फेजमध्येच विरघळवा. लोक सोपं पडतं म्हणून शुद्ध मिथेनॉलमध्ये विरघळवतात, पण तो मिथेनॉलचा थेंब कॉलमच्या तोंडाशी मोबाइल फेजपेक्षा जोरकस असतो, घटकांना धरूच देत नाही, आणि पीक पुढून फुगतो किंवा त्याची दोन टोकं होतात. मग सगळे कॉलमला दोष देतात.

सॅम्पल सिरिंज फिल्टरमधून गाळताना पहिले एक-दोन मिली टाकून द्या, वायलमध्ये, म्हणजे सॅम्पलच्या छोट्या बाटलीत, त्यानंतरचं घ्या. वायल गळ्यापर्यंत भरू नका, आणि झाकण इतकं आवळू नका की सेप्टा (झाकणातली रबरी चकती) आत खड्डा पडल्यासारखा दबेल. वायलच्या तळाशी बुडबुडा अडकला असेल तर बोटाने टिचकी मारा, नीडल नेमकी त्या बुडबुड्यात गेली तर २० मायक्रोलिटरऐवजी हवाच आत जाते.

सीक्वेन्स असा लावा: आधी ब्लँक, म्हणजे नुसतं मोबाइल फेज, मग प्रत्येक घटकाचं एकेक इंजेक्शन ओळख पटवायला, मग मिश्रणाच्या स्टँडर्डची पाच किंवा सहा इंजेक्शनं, मग सॅम्पल, आणि शेवटी परत एक स्टँडर्ड. ब्लँक टाळू नका. ब्लँकमध्ये जो पीक दिसतो तो तुमच्या सॅम्पलचा नाही एवढं जरी कळलं तरी पुढची मोठी चूक टळते.

क्रोमॅटोग्राम वाचताना

पॅरासिटामॉल आधी येईल, कॅफिन नंतर. आधी आकार बघा, आकडे नंतर. पीक दोन्ही बाजूंनी सारखा उतरतोय का, मागे शेपूट ओढतोय का, बेसलाइनला परत टेकतोय का. मग त्या पाच-सहा इंजेक्शनांचे एरिया (पीकखालचं क्षेत्रफळ), त्यांचा आरएसडी, म्हणजे आकड्यांमधला टक्क्यांतला फरक, २ टक्क्यांच्या आत हवा असं बहुतेक मेथड सांगतात, टेलिंग २ च्या आत, प्लेट्स (कॉलमच्या कार्यक्षमतेचं माप) २००० च्या वर, आणि दोन पीकमधलं रेझोल्यूशन (ते किती वेगळे झाले याचं माप) निदान १.५, म्हणजे मधली बेसलाइन स्वच्छ दिसते. इंटिग्रेशनची, म्हणजे एरिया मोजायची, रेघ सॉफ्टवेअरने कुठून कुठे मारली ते झूम करून स्वतः बघा. आपल्याला हवा तो आकडा यावा म्हणून ती रेघ हाताने सरकवायची नाही, कधीच नाही. सरकवावी लागली तर कारण लिहून आणि सगळ्या इंजेक्शनांना सारखीच.

हिशेब सोपा आहे, सॅम्पलचा एरिया भागिले स्टँडर्डचा सरासरी एरिया, गुणिले स्टँडर्डचं कॉन्सन्ट्रेशन, गुणिले डायल्यूशन.

मग एक प्रयोग जरूर करा. मिथेनॉल ४० वरून ३० टक्के करा, कॉलम परत सेट होऊ द्या आणि तेच मिश्रण मारा. दोन्ही पीक मागे सरकतील आणि एकमेकांपासून लांब जातील. ऑरगॅनिक १० टक्क्यांनी कमी झालं की कॉलमची धरून ठेवायची ताकद ढोबळमानाने दोन ते तीन पट होते. हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की मेथड डेव्हलपमेंट म्हणजे नेमकं काय करायचं असतं ते कळायला लागतं.

बिघडलं तर

प्रेशर वर-खाली नाचतंय तर बहुतेक वेळा पंपात हवा आहे, परत पर्ज करा, तरीही नाचत असेल तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (द्रावण एकाच दिशेने जाऊ देणारा) घाण झालाय. प्रेशर पडलंय तर बाटली संपली, बाटलीतला फिल्टर वर आला किंवा कुठेतरी लीक आहे. प्रेशर वाढलंय तर फ्लो बंद करून, प्रेशर शून्यावर आल्यावर, वाटेच्या शेवटाकडून सुरुवात करा. डिटेक्टर सोडवा, कमी फ्लोवर चालवा, प्रेशर बघा. मग कॉलमचा आउटलेट, मग इनलेट, मग गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधीचा छोटा संरक्षक कॉलम, असेल तर), मग इंजेक्टर. जे काढल्यावर प्रेशर धाडकन खाली येतं, अडकलंय तिथेच. हे न करता थेट कॉलम बदलणारे खूप बघितलेत मी, आणि चांगले कॉलम कपाटात पडून राहिलेलेही.

सगळेच पीक सारख्या प्रमाणात उशिरा यायला लागले तर आधी फ्लो तपासा. डिटेक्टरमधून येणारी वेस्टची नळी १० मिलीच्या फ्लास्कमध्ये धरा आणि स्टॉपवॉच लावा. १ मिलीचा फ्लो असेल तर दहा मिनिटांत खुणेला टेकलं पाहिजे. पावणेअकरा मिनिटं लागली तर सॉफ्टवेअर काहीही दाखवो, पंप कमी देतोय. फ्लो बरोबर असेल तर मोबाइल फेज कोणी आणि कसं मोजून केलं ते विचारा, बऱ्याचदा तिथेच सापडतं.

धुणं

नवीन असताना एका शुक्रवारी संध्याकाळी मी फॉस्फेट बफरची मेथड चालवून पंप तसाच बंद करून गेले होते, वाटलं सोमवारी परत तीच मेथड आहे. सोमवारी पंपाच्या हेडखाली पांढरा चुरा साचला होता, मिठासारखा, बोटाला खरखरीत लागणारा. बफर सीलच्या मागे वाळून त्याचे खडे झाले होते आणि पिस्टन त्या खड्यांवरून पुढेमागे गेला तेव्हा सील गेलाच आणि पिस्टनवर ओरखडेही आले. तेव्हापासून धुण्याचा वेळ मी रनच्या वेळातच धरते.

बफर वापरला असेल तर थेट ८० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलवर उडी मारायची नाही, फॉस्फेट तिथे विरघळत नाही आणि कॉलममध्येच बसतो. आधी बफरच्या जागी साधं पाणी घेऊन पाणी-ऑरगॅनिक ९०:१० अर्धा तास, मग ५०:५० पंधरा मिनिटं, मग ८० टक्के मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल अर्धा तास आणि त्यातच कॉलम ठेवायचा. फक्त पाणी सोडू नका, शंभर टक्के पाण्यात बऱ्याच सी-१८ कॉलमची धरून ठेवायची ताकद जाऊ शकते आणि शिवाय पाण्यात जंतूही वाढतात. आजच्या आपल्या मेथडमध्ये बफर नव्हता म्हणून ५०:५० आणि मग ८० टक्के एवढं पुरे. बफरच्या लाइन पर्ज करून त्यातही आधी पाणी आणि मग थोडं मिथेनॉल असलेलं पाणी भरा. सील वॉशची (पंपाच्या सीलचा मागचा भाग धुणाऱ्या द्रावणाची) बाटली असेल तर त्यात १० टक्के आयसोप्रोपॅनॉल आहे ना, ते बघा.

लॅम्प बंद, फ्लो हळूहळू शून्यावर, प्रेशर शून्य झाल्यावर कॉलम काढा. दोन्ही टोकांना प्लग घट्ट लावा, कॉलम कोरडा पडू देऊ नका. वेस्टची बाटली तीन चतुर्थांश भरली असेल तर सॉल्व्हंट वेस्टच्या कॅनमध्ये रिकामी करा, सिंकमध्ये नाही. लॉगबुकमध्ये इंजेक्शनांची संख्या, शेवटचं प्रेशर आणि कॉलम कशात ठेवलाय ते लिहा, कारण उद्या तो कॉलम उचलणारा माणूस दुसराच असेल आणि त्याला पहिलं द्रावण कोणतं सोडायचं ते त्या एका ओळीवरून ठरवायचं असतं.